साडेनऊ किलो बटणे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ओव्हरकोट आहे. कापड राखाडी लोकरीचे, अस्तर काळ्या साटीनचे, आणि उंची अशी की माझी कॉलर आणि माझा खालचा घेर यांची आयुष्यात दोन-चारदाच गाठ पडली असेल. आता कोपरांवर मी विरलो आहे. स्मरणशक्ती मात्र अजून घट्ट विणीची आहे. मी जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एखादी गोष्ट थोडी ताणलेली वाटलीच, तर लोकरीचे कापड मुळातच थोडे ताणते, एवढे लक्षात ठेवा.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. रस्त्याकडे काचेची खिडकी, खिडकीला लागून कापड बेतायचे टेबल, आणि मागे दोन शिलाई मशिनी. एका मशीनवर मास्तर बसत, दुसरीवर त्यांची बायको. गिऱ्हाइके त्यांना मास्तर आणि काकू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

मला शिवायला सांगितले ते एका दीपगृहाच्या रखवालदाराने. हा माणूस एवढा उंच होता, की माप घेताना मास्तर स्टुलावर चढले, स्टूल टेबलावर चढले, आणि तरीही खांदे अंदाजानेच लिहावे लागले. दीपगृहाचा दिवा लावायला त्याला जिना लागत नसे, खिडकीतून हात घातला की झाले. "मंगळवारी येतो," असे सांगून तो गेला. कोणत्या मंगळवारी, ते मात्र त्याने सांगितले नाही.

मास्तरांनी मला सोमवारी रात्रीच पुरे केले. मंगळवारी सकाळी इस्त्री करून खिडकीत टांगले. येणारे-जाणारे थांबून बघत. "काय कोट आहे!" असे म्हणत. ते माझे तारुण्याचे दिवस. त्यानंतर बरेच मंगळवार गेले, आणि एक दिवस मास्तरांनी मला खिडकीतून काढून दाराआडच्या खुंटीवर लावले.

आता मास्तरांची एक रीत सांगतो, कारण पुढचे सगळे रामायण त्या रीतीमुळे झाले. गिऱ्हाईक नवा कपडा घालून दुकानातून बाहेर पडले, की मास्तर त्या कपड्याचे एक जादा बटण घेत आणि पत्र्याच्या मोठ्या डब्यात टाकत. टण्! "गेला आपल्या घरी," असे म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. शाळेच्या सदऱ्याचे पांढरे बटण, नर्सबाईच्या झग्याचे निळे, बँडवाल्याचे पितळी, कुणाच्या लग्नाच्या कोटाचे शिंपल्याचे. मास्तरांकडे ना वही, ना फोटो. चाळीस वर्षांचे सगळे काम त्या डब्यात होते.

माझे बटण त्यात नव्हते. मी कुणाच्या घरी गेलोच नव्हतो ना! ते मास्तरांच्या जाकिटाच्या छोट्या खिशात पडून होते. जाकीट बदलले की बटणही नव्या जाकिटात जाई. त्याबद्दल ते कधी कुणाशी बोलले नाहीत, पण टेबलाशी उभे असताना त्यांची बोटे त्या खिशाकडे जात, ते मी खुंटीवरून पाहत असे.

मास्तरांची आणखी एक गोष्ट सांगतो. दोरा दाताने तोडलेला त्यांना खपत नसे. "दाताने दोरा तोडणारा शिंपी नव्हे, उंदीर," असे ते म्हणत. काकू मात्र मास्तरांची पाठ वळली रे वळली, की कट्ट करून दोरा दाताने तोडीत. चाळीस वर्षे हा खेळ चालला.

"काय आवाज झाला गं?"

"कुठे काय? कात्री ठेवली."

"कात्री तर माझ्या हातात आहे."

"मग पाल असेल."

दाराआडची वर्षे वाईट गेली असे मी म्हणणार नाही. माझ्या खांद्यावर ओल्या छत्र्या लटकल्या. माझ्या डाव्या बाहीत मांजरीने चार पिल्ले दिली आणि ती चालायला लागेपर्यंत मी हात हलवला नाही. आणि मास्तरांची मुलगी! ती लहानपणी माझ्या पोटात शिरून बसायची. माझ्याच आडोशाला तिने पाढे पाठ केले, माझ्याच आतल्या शिवणी उलगडून पाहत ती शिवण शिकली. पुढे ती मोठी झाली, समुद्रापलीकडच्या एका शहरात गेली, दुसऱ्यांच्या दुकानात दहा वर्षे राबली, आणि एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, मी स्वतःचं दुकान घेतलंय. तुमच्या दुकानाएवढंच, अरुंद. तुम्ही दोघं या, दार तुमच्याच हातून उघडायचं."

"येतो. माझी मशीन घेऊन येतो. माझे डोळे आता थकले, ती तुझ्याकडेच शोभेल."

"मशीन आणा, पण डबा आधी. मी समोर फळी मारून जागा करून ठेवलीय. डबा आल्याशिवाय माझं दार उघडणार नाही, सांगून ठेवते."

फोन ठेवल्यावर मास्तरांनी डबा काखेत घेतला, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काट्यावर ठेवून आले आणि खुर्चीत मटकन बसले.

"साडेनऊ किलो," ते म्हणाले.

विमानाचे नियम साधे होते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाला दोघांत मिळून पंधरा किलो. हातातल्या बॅगेला सात किलो. पंधरा किलो तर मशीनचे डोके, कात्र्या आणि इस्त्री यांनीच खाऊन टाकले. उरली हातातली बॅग, प्रत्येकी एक. काकूंच्या बॅगेत दोघांचे कपडे, औषधे आणि जावयासाठी विणलेला स्वेटर. मास्तरांच्या बॅगेत डबा ठेवला, की बॅग उघडी असतानाच अडीच किलो जास्त.

"थोडी बटणं इथेच ठेवू," काकू म्हणाल्या.

"कुणाची?" मास्तरांनी विचारले.

काकू डब्यापाशी बसल्या. एक मूठ बाहेर काढली. त्यातले एक पोस्टमनचे निघाले, एक त्यांच्या धाकट्या बहिणीच्या फ्रॉकचे, एक मास्तरांच्या स्वतःच्या लग्नातल्या सदऱ्याचे. काकूंनी मूठ पुन्हा डब्यात ओतली. तो विषय तिथेच संपला.

मग शेजारीपाजारी सल्ले द्यायला आले. विमानाने कधीही न गेलेल्या माणसांकडे असे सल्ले फार असतात. कुणी म्हणाले, बॅग खांद्यावर टाकून शीळ घालत जा, म्हणजे हलकी वाटते. कुणी म्हणाले, बॅग काट्यावर ठेवताना खालून करंगळी लावा. शेजारच्या न्हाव्याने तर आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. तो म्हणे अंगावर सात सदरे आणि चार विजारी चढवून विमानात शिरला, आणि त्याला खुर्चीतून काढायला दोन माणसे आणि तेलाची बाटली लागली. सगळे हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी मुलीला फोन लावला.

"तो नियम वाच बघू. अंगावरचे कपडे वजनात धरतात का?"

"नाही बाबा. अंगावर घातलेला कोट वगैरे धरत नाहीत."

"आणि कोटाची बटणं?"

"बटणं म्हणजे कोटच की."

मास्तर फोन ठेवून उठले. मग माझ्याकडे वळले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे इतक्या गरजेने पाहिले असेल.

"सुटं बटण म्हणजे सामान," ते हळूच म्हणाले. "आणि शिवलेलं बटण म्हणजे कपडा."

मित्रांनो, मला खुंटीवरून काढले, झटकले, तेव्हा इतकी धूळ उडाली की समोरच्या बेकरीवाल्याने दुकान बंद करायची वेळ झाली असे समजून कुलूप लावले. मग दोघे सुईदोरा घेऊन बसले. मास्तर पाठीवर, काकू पुढच्या भागावर. दोरा दुहेरी आणि मेण लावलेला. एकवीस दिवस ते टाके घालत होते. बाहेरची जागा संपली तेव्हा अस्तरावर सुरू झाले. एकेक बटण हातात आले की गप्पा निघत.

"हे त्या लठ्ठ वकिलाचं. श्वास घेतला की उडायचं."

"आणि हे त्या शाळेतल्या मास्तरणीचं. बाई पगार झाला की बाही बदलायची, ब्लाऊज तोच."

घेर मात्र त्यांनी कापला नाही. मी मास्तरांच्या अंगावर गाऊनसारखा लोळत होतो, तेव्हा काकू म्हणाल्या, "कापून टाका की वीतभर."

"गिऱ्हाइकाला न विचारता कसा कापू?" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी घेर आत दुमडून नुसता धावदोरा घातला.

निघायच्या दिवशी सकाळी मास्तरांनी दोघांचे पासपोर्ट आणि तिकिटे माझ्या आतल्या खिशात ठेवली. "इथून पडणार नाहीत," असे म्हणून खिसा थोपटला आणि ते आंघोळीला गेले. तेवढ्यात काकूंना डब्याच्या तळाशी शेवटची नऊ बटणे सापडली. ती कुठे लावायची? अस्तरावर एकच जागा मोकळी होती, त्या खिशाच्या तोंडावर. काकूंनी सुई ओवली.

मित्रांनो, मी ओरडायचा प्रयत्न केला. पण कोटाने किती ओरडावे? माझी एक बाही टेबलावरून खाली घसरली, एवढेच. काकूंनी ती उचलून पुन्हा वर ठेवली आणि शेवटचा टाका आवळला. मग कात्र्या, इस्त्री आणि मशीनचे डोके पेटीत गेले आणि पेटीला दोरी आवळली.

विमानतळ मी पहिल्यांदाच पाहिला. दिवाणखान्यासारखी गुळगुळीत फरशी, आणि त्या फरशीवर सगळीकडे माणसे उकिडवी बसून बॅगा उपसत होती. एक मुलगी दोन जाडजूड पुस्तके जाकिटाच्या टोपीत टाकून मान ताठ ठेवून चालत होती. एका गृहस्थाने उन्हाळ्यात तीन सदरे घातले होते आणि तो स्वतःला वर्तमानपत्राने वारा घालत होता. कुणाची आई मुलाच्या खिशांत चार्जर कोंबत होती. कुठेही भांडण नव्हते. सगळे एकमेकांकडे पाहून मान डोलवत होते, जणू एकाच शाळेत नापास झालेली मुले.

त्या सगळ्यांत मास्तर माझ्यात शिरून आले. माझे स्वतःचे वजन तीन किलो, वर साडेनऊ. मास्तर पाऊल टाकीत तेव्हा साडेसहा हजार बटणे एकदम खुळखुळत. लोक वाट देत होते. एका लहान पोराने तर नमस्कार केला.

मशीनची पेटी पट्ट्यावरून आत गेली. काउंटरवरच्या मुलीने मास्तरांची बॅग काट्यावर ठेवली. सात किलो शंभर ग्रॅम.

"काका, शंभर ग्रॅम काढा."

काकूंनी पुढे होऊन बॅगेतला मास्तरांचा दुसरा चष्मा काढला आणि आपल्याच चष्म्यावर चढवला. सात किलो बरोबर.

मुलीने ओठ दाबून हसू आवरले. "बॅगेत हा एवढा मोठा रिकामा डबा कशाला?"

"डबा भरलेलाच आहे," मास्तर म्हणाले. "फक्त मी तो घालून आलोय."

मुलीने काउंटरवरून वाकून मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "हे... हे सगळं कोट आहे?"

"ओढून बघा. एक जरी बटण सुटलं तर सामान समजा."

तिने एक ओढून पाहिले. दुसरे पाहिले. मास्तरांच्या दुकानाचा टाका तो! ती म्हणाली, "बरं काका, कोट तर कोट. पासपोर्ट द्या. लवकर, काउंटर दहा मिनिटांत बंद होतोय."

मास्तरांनी ऐटीत हात आत घातला. हात खिशाच्या तोंडावरून घसरला. पुन्हा घातला. पुन्हा घसरला. मग त्यांनी मला उलगडून पाहिले, आणि काकूंनीही पाहिले. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"अहो... ती शेवटची नऊ..."

"तू खिशात हात घालून पाहिलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलं होतं?"

"बरं, कात्री दे."

"कात्री पेटीत."

पेटी तर केव्हाच पट्ट्यावरून गेली होती. चाळीस वर्षे कात्री हाताशी असलेली दोन माणसे, आणि गरजेच्या वेळी नखाएवढे पाते नाही! मागच्या रांगेत विचारणा झाली. सगळे नियम पाळून आले होते. तीन सदरेवाल्याने किल्ली दिली, पुस्तकवालीने पेन्सिल दिली, काउंटरवरच्या मुलीने खण उचकून स्टेपलर काढला. मास्तरांनी किल्ली अडकवून ओढले. दोरा हलेना. "आमचा टाका तुटला तर शिलाई परत," असे मास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. टाका काही तुटला नाही.

"सहा मिनिटं," मुलगी म्हणाली. तिचा आवाजही आता बारीक झाला होता.

मास्तरांचा चेहरा उतरला. समुद्रापलीकडे एक दार बंद होते आणि ते कुणासाठी बंद होते, हे आम्हां तिघांनाच ठाऊक होते. काकूंनी पर्स खाली ठेवली आणि दोन्ही चष्मे कपाळावर सरकवले.

"अहो, तिकडे बघा."

"कुठे?"

"कुठेही. फक्त इकडे नको."

मास्तरांना कळले. ते एकदा काकूंकडे, एकदा घड्याळाकडे पाहून मुकाट्याने वळले आणि समोरच्या जाहिरातीतल्या समुद्राकडे बघत उभे राहिले. काकूंनी माझे अस्तर तोंडाशी धरले.

कट्ट.

मास्तरांचे खांदे उडाले.

कट्ट. कट्ट. चाळीस वर्षांचा सराव होता, मित्रांनो! नऊ बटणे, दुहेरी मेणाचा दोरा, आणि मला एक ओरखडासुद्धा नाही. अशा सफाईने मला कात्रीनेही कुणी उसवले नसते. मागची रांग मोजत होती: सात, आठ, नऊ! पुस्तकवालीने तर टाळी वाजवली.

काकूंनी पासपोर्ट काउंटरवर ठेवले. मास्तर वळले.

"म्हणजे ती पाल तूच."

"पासपोर्ट हवा होता की शिस्त?"

मास्तर उत्तर देणार, एवढ्यात त्यांचे लक्ष काकूंच्या मुठीकडे गेले. तिथे नऊ सुटी बटणे होती. प्रामाणिक माणूस तो, लगेच म्हणाला, "मुली, ही आता सामान झाली. बॅग तर सातला भरलीय."

"काका, नऊ बटणांसाठी विमान अडत नाही," मुलगी हसत म्हणाली आणि पासपोर्टकडे हात पुढे केला. तिच्या बाहीला बटण नव्हते. तिथे टाचणी लावलेली होती.

असे काही दिसल्यावर मास्तरांना थोडाच धीर धरवतो? कॉलरमागे त्यांची ओवलेली सुई नेहमीच असे. त्यांनी नऊ बटणांतून एक निळे निवडले. नर्सबाईच्या झग्याचे होते ते. डब्यातले बटण कुणाला द्यायची त्यांची ही पहिलीच वेळ. मुलगी डाव्या हाताने शिक्के मारीत होती आणि उजव्या बाहीवर मास्तर टाके घालीत होते. गाठ मारली, दोरा ताणला, आणि मास्तर थबकले.

कात्री आताही नव्हती.

त्यांनी हळूच ती बाही काकूंच्या पुढे केली. आणि स्वतःच दुसरीकडे बघायला लागले.

कट्ट.

पुढे तपासणीच्या ठिकाणी बँडवाल्याच्या पितळी बटणांनी बोंब मारलीच. मला ट्रेमध्ये घालून यंत्रातून पाठवले, तेव्हा पडद्याभोवती सहा अधिकारी जमा झाले. मी म्हणे चांदण्यांनी भरलेल्या आभाळासारखा दिसत होतो. एकाने मला दोनदा पाठवले, संशय म्हणून नव्हे, घरी बायकोला सांगता यावे म्हणून. विमानात मास्तर मला मांडीवर घेऊन बसले, आणि विमान वर उठताना पुढचे चाक जरा उशिरा सुटले, ते माझ्यामुळे, असे माझे मत आहे.

मास्तरांची मुलगी तिच्या दुकानाच्या मागच्या दारातच उभी होती. पुढचे दार अजून बंदच होते. दुकान खरोखरच अरुंद होते, आणि समोर फळी रिकामी होती. तिने बाबांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अरे, हा तर माझा कोट!" असे म्हणून ती माझ्यात तोंड खुपसून उभी राहिली. बटणांचे छाप तिच्या गालावर उमटले. "आणि डबा?"

काकूंनी बॅगेतून रिकामा डबा काढून फळीवर ठेवला. मास्तरांनी मला अंगातून काढले आणि मुलीच्या खांद्यांवर घातले. उंचीला ती आईबापांवर गेली नव्हती, मित्रांनो. उंची आजोबांकडून आली असेल, पण ती चांगली ताडमाड होती. मास्तरांनी खाली बसून घेराचा धावदोरा ओढून काढला. माझी किनार खाली आली आणि बरोबर तिच्या घोट्याशी थांबली. वर खांदे तेवढे ढगळ होते. मास्तरांनी ते दोन बोटांत धरून पाहिले.

"इथून जरा आत घ्यावे लागतील," ते म्हणाले. "पण गिऱ्हाइकाला पसंत असेल तर."

"पसंत आहे," मुलगी म्हणाली.

मग मास्तरांनी जाकिटाच्या छोट्या खिशात बोटे घातली. राखाडी, चार भोकांचे, कडेला घासून गुळगुळीत झालेले माझे बटण बाहेर आले. त्यांनी ते नव्या दुकानातल्या रिकाम्या डब्यात टाकले.

टण्!

"गेला आपल्या घरी," मास्तर म्हणाले, आणि काकूंनी पुढचे दार उघडले.

आता मी त्याच दुकानात असतो. थंडीत मुलगी मला घालते, उन्हाळ्यात मी खिडकीत बसतो. गल्लीतल्या कुणा मुलाचे बटण हरवले, की ते मूल माझ्यापाशी येते आणि स्वतः शोधून एक निवडते. मुलगी ते उसवून त्याच्या सदऱ्याला लावते. अर्धाअधिक मी आता मोकळा झालो आहे. मास्तर पलीकडे खुर्चीत बसून ते बटण कुणाचे होते, हे त्या मुलाला सांगतात. मूल ऐकते आणि बटण सांभाळून घरी जाते.

म्हणून मित्रांनो, दाराआड एखादा जुना कोट लटकत असेल, तर त्याला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. त्याचे गिऱ्हाईक अजून यायचे असेल. बॅग भरताना सात किलोत काय बसते, ते जरूर बघा, पण जे बसत नाही त्याच्यासाठी एक मोठा कोट जवळ ठेवा. आणि काहीही शिवण्याआधी खिशात हात घालून बघा. काकूंचे दात सगळ्यांच्या घरी नसतात.